फिल्म पुसणाऱ्या चिकट रोलरची निगा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. रोलरच्या प्रत्येक जोडासोबत आम्ही हे पान देतो. प्रोजेक्टरच्या केबिनच्या दाराला आतून चिकटवा. ड्रॉवरमध्ये गेलं की ते कुणी वाचत नाही.

नागपुरात आता थेटरांत डिजिटलच चालतं. आमच्याकडे येतात त्या फिल्म सोसायट्या, कॉलेजं आणि घरी ३५ एमएमचं प्रोजेक्टर मशीन जपणारे हौशी. त्यांच्याकडची प्रिंट, म्हणजे सिनेमाची फिल्मवरची प्रत, जुनी असते आणि खराब झाली तर दुसरी मिळत नाही.

हा रोलर पॉलियुरेथेनचा, अंगचाच चिकट. फिल्म मशीनमध्ये शिरण्याआधी तिच्या दोन्ही बाजू रोलरला टेकून जातात आणि सुटी धूळ त्याच्यावर राहते. फ्रेमची रुंदी जेमतेम २१ मिलिमीटर, ३० फुटी पडद्यावर ती चारशे पटींहून मोठी होते. म्हणजे ०.१ मिलिमीटरचा केस पडद्यावर चार सेंटिमीटर जाडीचा दोर होतो. मात्र तेलाचे डाग, बुरशी, जुने ओरखडे यांवर रोलरचा काही उपाय नाही. प्रिंटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती मशीनवर चढवूच नका, आधी आम्हाला दाखवा.

धुणं सोपं आहे, पण चुका इथेच होतात. रोलर काढा, नळाच्या धारेखाली धरा आणि हाताने चोळा. स्पंज नको, फडकं तर नकोच. त्याचेच धागे रोलर ओढून घेतो. तेलकट वाटला तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरे. स्पिरिट, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नका, पृष्ठभाग कायमचा बिघडतो. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरी खर बसते, म्हणून शेवटचं खळखळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा. मग दांड्यावर टांगून सावलीत वाळू द्या. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात गच्चीवर ठेवायचा मोह होतो, तो टाळा. ओला रोलर लावला तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो. म्हणूनच दोन जोड घ्या म्हणतो, एक मशीनवर, एक वाळत. (हो, यात आमचाही फायदा आहे.)

धुण्याआधी स्वतःचे हात धुवा. खर्रा घोटलेली बोटं आणि संत्र्याच्या सालीचं तेल, दोन्ही रोलरवर उतरतात.

किती वेळा धुवायचा? शोआधी एकदा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेली प्रिंट असेल तर प्रत्येक रिळानंतर. रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला घाण सगळ्यात जास्त असते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिल्मवर स्टॅटिक (स्थिर वीज) चढतं आणि ती धूळ ओढते. कुलर केबिनच्या बाहेर ठेवा, त्याच्या ताट्यांतलं वाळलेलं गवत बारीक होऊन थेट फिल्मवर बसतं.

एका ग्राहकाने तक्रार केली, रोलर लावल्यापासून प्रिंटवर उभी रेघ पडते. जाऊन पाहिलं तर दांड्याला केसाधाग्यांचा गुंता, रोलर जागचा हलत नव्हता. मिनिटाला ९० फूट फिल्म त्या धूळभरल्या रोलरवरून घासत होती, पॉलिशपेपरवरून घासावी तशी. तेव्हापासून आम्ही सांगतो : फिल्म चढवण्याआधी प्रत्येक रोलर बोटाने टिचकी मारून फिरवा. अडखळला तर लावू नका.

काम झालं की रोलर फिल्मपासून सोडवा आणि एकमेकांना न टेकता झाकून ठेवा. दोन रोलर रात्रभर चिकटून राहिले तर सुटताना त्यांची सालं निघतात.

धुऊन वाळल्यावर बोट टेकवा. रोलरने किंचित धरून सोडलं पाहिजे. धरतच नसेल, तडे गेले असतील किंवा बोटाला चिकटा लागत असेल तर तो बाद. टाकताना दांडा आणि बेअरिंग मात्र काढून ठेवा, नव्या रोलरला ते चालतात.