मोबाइलवरचा भाव आणि आमच्या काट्यावरचा भाव

(अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा भागातल्या आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी)

दसरा झाला की आमच्या धान्यखरेदीच्या दुकानाचा फोन सकाळी सातलाच सुरू होतो, आणि दहातले सात-आठ जण एकच विचारतात: "भाऊ, मोबाइलमा तर सोयाबीनना पाच हजार दखाई ऱ्हायनात, तुम्हनाकडे कमी काबर?" काट्यावर ट्रॉल्या उभ्या असतात, हमाल हाका मारत असतात, आणि घाईत दिलेलं उत्तर उडवाउडवीचं वाटतं. म्हणून हे लिहून छापलं. चहा होईतो वाचा, घरी नेऊन पोरांनाही दाखवा. मोबाइल त्यांच्याच हातात असतो.

पीक कसं घ्यायचं ते आम्ही तुम्हाला सांगू नये. बातमी आली की भाव का हलतो, कधी हलत नाही, आणि हलला तरी तुमच्या हिशोबपट्टीवर पुरा का उतरत नाही, एवढंच इथे आहे.

ट्रॉली भरायच्या आधी

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी सांगून टाकतो. रात्री ग्रुपवर भाव पाहिला, पहाटे माल भरला, ना फोन केला ना नमुना दाखवला, थेट ट्रॉली आमच्या दारात.

बाजारभावाच्या यादीत प्रत्येक मालापुढे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो तो बहुतेक वेळा कमाल. तो चार-पाच पोत्यांच्या एखाद्या ढिगालाही मिळालेला असू शकतो. बियाण्यासारखा चोख दाणा असेल, कुणाला तो बियाण्यालाच हवा असेल. बाकी सगळा माल त्याच्या कितीतरी खाली गेलेला असतो, पण यादीत डोळ्यात भरतो तो हाच आकडा. बाजार खरा कळायला हवा असेल तर सर्वसाधारण भाव बघा आणि शेजारी आवक किती लिहिली आहे ते बघा. तारीख बघा. गाव बघा. लातूर, अकोला, वाशिम हे सोयाबीनचे मोठे बाजार. तिथला भाव अमळनेरच्या काट्यावर जसाच्या तसा कसा मिळणार? मधलं भाडं कुणीतरी भरतंच.

गेल्या हंगामात आमचे एक जुने ग्राहक असेच पस्तीस क्विंटल सोयाबीन घेऊन आले. चांगला माणूस, चांगली शेती, पण कापणीनंतर पाऊस झालेला आणि माल जेमतेम दोन उन्हं खाल्लेला. मीटरवर १८ टक्के ओलावा लागला. त्यांना वाटलं, आम्ही कटती लावायला, म्हणजे भावातून कापून घ्यायला, निमित्त शोधतोय. मग त्यांच्यासमोर कागदावर मांडलं, तेच इथे मांडतो. १८ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर सोयाबीनमध्ये कोरडा माल असतो ८२ किलो. तोच दाणा १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरतं ९३ किलो. म्हणजे क्विंटलमागे जवळपास सात किलो पाणी, आणि पस्तीस क्विंटलांत सव्वादोन क्विंटलांहून जास्त. आमच्याकडून माल घेऊन तेल गाळणारा प्लांटवाला पाण्याचे पैसे देत नाही. आम्ही दिले तर ते आमच्या घरातून जातात.

ते रागाने दुसरीकडे गेले, संध्याकाळी परत आले, आमच्याच अंगणात दोन दिवस माल वाळवला आणि मग विकला. ट्रॅक्टरचं भाडं दोनदा, हमाली दोनदा, वर दोन दिवस. आदल्या दिवशी किलोभर नमुना दाखवला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

बातमी तेलाची, माल सोयाबीनचा

१४ सप्टेंबर २०२४ आठवत असेल. केंद्राने कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. बातमी खरी होती, मोठी होती, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला: आता सोयाबीन उडणार. आम्हालाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तेल महागलं. पण त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारातला भाव त्याच्या खालीच रेंगाळला.

का? शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण अठरा किलो, उरते ती पेंड, ऐंशी किलोच्या आसपास. दाण्याचा भाव या दोन्हींवर तोलला जातो, आणि वजनाने पेंड चौपटीहून जास्त. त्या वर्षी जगभर पेंड स्वस्त होती. त्यात आपल्याकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यांचा उरलेला चोथा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी स्वस्तात जाऊ लागला. तेलाने वर ओढलं, पेंडीने खाली बसवलं. बातमीत मात्र तेलच होतं.

पुढे ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा उतरवून साडेसोळा टक्के केलं. तेव्हा उलटे फोन आले: "भाऊ, आता सोयाबीन पडी जाई का?" उत्तर तेच: तेलाबरोबर पेंडीचं काय चाललंय ते विचारा.

पेंडीची ताकद २०२१ मध्येही दिसली होती. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, कोंबडीवाले ओरडले, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ती बोटीने यायची होती तेव्हा येणार होती, पण भाव परवानगीच्या बातमीनेच ढिला पडला आणि नवा माल येईतो पहिली तेजी उरली नव्हती. बाजार माल येण्याची वाट बघत नाही, माल येणार म्हटलं की हलतो. पामतेलाचंही तसंच. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला निर्यात बंद केली, २३ मेला उघडली. महिना भरायच्या आत बंदी आली नि गेली. त्या बातमीवर ज्याने चार महिने माल धरला, त्याने कशावर धरला?

आता शिकागो, म्हणजे अमेरिकेतला सोयाबीन-मक्याच्या सौद्यांचा मोठा बाजार. तिथला भाव डॉलरमध्ये आणि बुशेलमध्ये असतो. सोयाबीनचा बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो, मक्याचा साडेपंचवीसला जरा कमी. दहा डॉलर बुशेल म्हणजे क्विंटलला पावणेसदतीस डॉलर. तोही पुढच्या कुठल्यातरी महिन्याचा सौदा, आज काट्यावर चढलेल्या मालाचा नव्हे. शिवाय तिथलं सोयाबीन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याचं, ते दाणा म्हणून आपल्याकडे येत नाही. येतं ते तेल, आणि त्या तेलाबरोबर त्यांची तेजी-मंदी येते. आपल्या सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आजच ठरणारे सौदे, २० डिसेंबर २०२१ पासून या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने थांबवले आणि बंदीची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली. त्यामुळे पुढच्या महिन्याचा अंदाज घ्यायला लोक शिकागोकडे बघतात, हे समजण्यासारखं आहे. बघा, पण ट्रॉली त्यावर भरू नका.

पाऊस बाजार चढवतो, पोतं उतरवतो

ऑगस्टमध्ये शेंगा भरतात. आपल्याकडेही आणि तिकडे अमेरिकेतही. म्हणून ऑगस्टात चार दिवस ऊन तापलं की भाव गरम होतो, आणि पाऊस पडला की थंडावतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. जानेवारीपासून ब्राझीलचा माल सुरू होतो, तेव्हा तिथल्या पावसाच्या बातम्या येतात. महिन्याच्या दहा-बारा तारखेच्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याचा अहवाल येतो, त्या दिवशी व्यापारी सौदा करायला कचरतात. आम्हीसुद्धा.

खरी गंमत काढणीच्या पावसात आहे. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झोडपतो, टीव्हीवर "सोयाबीनचं मोठं नुकसान" येतं आणि भाव पन्नास-शंभराने चढतो. तो चढलेला भाव कुणाचा? ज्याचा माल पावसाआधी खळ्यावरून उचलून घरात गेला त्याचा. ज्याचा भिजला त्याचा दाणा डागी, काळपट, ओला. त्याला चढलेल्या भावातून कटती. पाऊस एकच, पण एकाला तो तेजी देतो आणि दुसऱ्याला मंदी. हे आम्हालाही सांगताना जड जातं, कारण मेहनत दोघांची सारखीच असते.

मक्यात तर ओलाव्याबरोबर बुरशी येते, आणि बुरशीचा मका कोंबडीखाद्यवाला हात लावत नाही, भाव कितीही असो. मक्याला १४ टक्क्यांच्या आत आणा. गिऱ्हाईक कमी नाही. स्टार्च आहे, कोंबडीखाद्य आहे, इथेनॉल आहे. पण एक बातमी यात घात करते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आपल्या भागातल्या जुन्या लोकांनी पाहिलंय की आजार कोंबडीला झाला तरी झळ मक्याला लागते.

हरभऱ्याची चावी पिवळ्या वाटाण्याकडे. डिसेंबर २०२३ पासून तो परदेशातून बिनशुल्क येऊ लागला आणि बेसनात, डाळीत मिसळायला स्वस्त पर्याय मिळाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क आलं. जळगावच्या डाळ मिलवाल्यांची खरेदी याच हिशोबाने पुढे-मागे होते. गव्हाचं सांगायचं तर १३ मे २०२२ ची निर्यातबंदी पुरे. मार्चच्या उन्हाने दाणा बारीक झाला, युक्रेनच्या लढाईने जगात भाव चढला, आणि एका रात्रीत दार बंद.

दादरला, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीला, मात्र शिकागो नाही, इंडोनेशिया नाही. थंडी, जमिनीतली ओल, आणि कडब्याला काय भाव मिळतो, संपलं. म्हणून दादरवाले आमच्याशी सगळ्यात कमी भांडतात.

आम्ही फोनवर पक्का भाव का देत नाही

कारण फोनवर तुमचा माल दिसत नाही. फोटो पाठवू नका, फोटोत ओलावा दिसत नाही आणि सगळेच दाणे सोन्यासारखे पिवळे दिसतात. प्लांटचे भाव आम्हाला सकाळी साडेदहा-अकराला येतात. त्याआधी सांगितलेला आकडा कालचा असतो. "व्यापारी मुद्दाम दाबतो" असं बोललं जातं, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. आमच्यापुरतं सांगतो: प्लांटचा त्या दिवशीचा भाव आम्ही फळ्यावर लिहितो, खाली भाडं, हमाली आणि आमचं सुटणारं लिहितो. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा.

ओलावा तुमच्यासमोर मोजतो, तीन वेगळ्या पोत्यांतून नमुना काढून. मोजायचे पैसे नाहीत, माल आम्हाला विका किंवा विकू नका. नमुना ढिगाच्या मधून काढा, वरचा नको, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आणा. कापडी पिशवीत तो रस्त्यातच सुकतो आणि मग ट्रॉलीशी जुळत नाही. उन्हातून उचललेला गरम दाणाही लगेच मोजू नये, निवू द्यावा. चाळणी लावून मातेरं काढून घेतलंत तर भाव किती वाढतो ते आधी एका पोत्यावर करून दाखवतो. पटलं तरच बाकीचा माल लावा.

थांबायचंच असेल तर घाईने विकू नका, हेही आम्हीच सांगतो. हमीभाव डोळ्यासमोर ठेवा: २०२५-२६ मध्ये तो सोयाबीनला ५,३२८, मक्याला २,४०० होता. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचल मिळते. त्यालाही माल वाळलेला आणि चाळलेलाच लागतो, आणि ते काम आमच्याकडे होतं.

नमुना दाखवायची वेळ सकाळी दहा ते एक. दुपारनंतर काट्यावर गर्दी असते, तेव्हा बोलायला सवड नसते. आभाळ आलं तर ताडपत्री आमच्याकडून न्या, भाडं नाही. फक्त परत आणून द्या. गेल्या हंगामातल्या चार अजून आलेल्या नाहीत, आणि कुणाकडे आहेत ते आम्हाला माहीत आहे.