टपालाला पाठिंबा, पण पैसे कोणाचे?

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की 'मी टपालसेवेच्या पाठीशी आहे' म्हणणारे खासदार दोन्ही पक्षांत निघतात. गावातले पोस्ट बंद करू, असे सांगून मते मागणारा उमेदवार मात्र माझ्या तरी ऐकिवात नाही. या आश्वासनाचे मोल ठरवायचे, तर आधी पोस्टाचा खर्च नेमका कोण करतो ते पाहावे लागते.

पूर्वी हिशेब सरळ होता. पोस्ट ऑफिसे आणि टपालमार्ग उभारण्याचा अधिकार राज्यघटनेनेच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला. १७९२ च्या कायद्याने वर्तमानपत्रे एक-दीड सेंटात पोचू लागली. पत्राला मात्र अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट पडत. १८९६ पासून खेड्यातही घरपोच टपाल सुरू झाले, १९१३ मध्ये पार्सलसेवा आली. दर इतके स्वस्त, की १९१६ मध्ये यूटा राज्यातल्या व्हर्नल गावी बँकेच्या इमारतीसाठी ऐंशी हजारांवर विटा पोस्टानेच आल्या, पन्नास-पन्नास पौंडांची पार्सले करून! मालवाहतुकीपेक्षा ते स्वस्त पडत होते. पोस्टाने घाईघाईने वजनावर रोजची मर्यादा घातली. तूट आलीच तर ती सरकारी तिजोरीतून भरली जाई.

हे १९७० मध्ये मोडले. त्याआधी १९६६ मध्ये शिकागोच्या मुख्य टपाल कार्यालयात कामच ठप्प झाले होते आणि टपालाचे ढीग साचले होते. मार्च १९७० मध्ये तुटपुंज्या पगाराला कंटाळून न्यूयॉर्कचे पोस्टमन संपावर गेले. बघता बघता देशभरात सुमारे दोन लाख कर्मचारी त्यात उतरले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टपाल वर्गवारीसाठी सैनिक पाठवले, पण हे काम येरागबाळ्याचे नव्हे, हे लगेच दिसले. ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला. टपालखात्याचे प्रमुख, म्हणजे पोस्टमास्टर जनरल, मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि १ जुलै १९७१ पासून टपालसेवा स्वतंत्र संस्था झाली. तिने तिकिटे विकून स्वतःचे पोट भरावे, ही अपेक्षा.

पैशाची जबाबदारी गेली, लगाम मात्र काँग्रेसने सोडला नाही. अर्थसंकल्पी कायद्यात वर्षानुवर्षे एक ओळ येत राहिली: आठवड्यातून सहा दिवस वाटप आणि ग्रामीण वाटप १९८३ च्या पातळीखाली जाता कामा नये. २०१३ मध्ये टपालसेवेने शनिवारची पत्रे बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा याच ओळीपुढे तिला माघार घ्यावी लागली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

सर्वांत महाग पडला २००६ चा कायदा. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या भावी आरोग्यविम्यासाठी दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढा, असे त्याने फर्मावले. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, तो नुसत्या आवाजी मतदानाने संमत केला. कोणी हो म्हटले याची नोंदच नाही. आधी पाठिंबा देणारे पुढे त्याच कायद्याला दूषणे देत फिरले, तर त्यांना पकडणार कसे? एवढ्यात ईमेलमुळे पत्रे आटली, आणि २०१२ पासून टपालसेवेने हे हप्ते थकवले. त्या वर्षांतल्या जाहीर तोट्यातला मोठा वाटा या हप्त्यांचाच होता.

२०२० मध्ये महासाथ आणि टपाली मतदान एकत्र आले. प्रतिनिधिगृहाने ऑगस्टमध्ये टपालसेवेसाठी २५ अब्ज डॉलरचे विधेयक संमत केले. वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, ते विचारातच घेतले नाही. खरी सुटका एप्रिल २०२२ च्या कायद्याने झाली. आगाऊ तरतुदीची अट गेली, सुमारे ५७ अब्जांची थकबाकी पुसली गेली, सहा दिवसांचे वाटप कायद्यात पक्के झाले. या वेळी नोंद आहे: प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ९२, सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९.

तरीही २०२४ च्या आर्थिक वर्षात टपालसेवेला साडेनऊ अब्ज डॉलरचा तोटा झाला. पत्राचे तिकीट २०२१ च्या सुरुवातीला ५५ सेंटांचे होते, जुलै २०२५ मध्ये ते ७८ सेंटांवर गेले. ही दरवाढ टपाल नियामक आयोगाकडे जाते. खासदाराला तिच्यासाठी हात वर करावा लागत नाही.