समन्यायी पाणीवाटप (जायकवाडी)

तुटीच्या वर्षी ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातले पाणी नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाड्याने वाटून घेण्याची कायदेशीर व्यवस्था. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी हवी. ती मोजताना खरिपाचा वापरही धरायचा. हे प्रत्यक्षात आणण्याचे सूत्र मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिले आणि प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ते लागू केले.

त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला हिशेब होतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा (जलाशयाचे नाव नाथसागर) उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर); त्याच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दलघमी. साठा अधिक खरीप वापर एवढा भरला नाही, तर वरच्या बाजूच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा व पालखेड या प्रत्येक धरणसमूहाने किती पाणी ठेवायचे ते सूत्राच्या तक्त्यात पाहतात आणि त्यावरचे खाली सोडतात. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला: मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५, दारणा २.६४३.

खरी परीक्षा पुढे. त्या वर्षी आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, पाणी सुटायला मात्र नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. उशीर होतो तसे नदीपात्र कोरडे पडते आणि पहिले पाणी वाळू व खड्डेच पितात. म्हणून पाणी सोडण्याआधी वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते आणि विसर्ग मोठा व सलग ठेवावा लागतो. थोडे-थोडे सोडलेले पाणी पैठणपर्यंत पोचतच नाही. मुळा-प्रवरेचे पाणी प्रवरासंगमला गोदावरीत मिळते, म्हणून ते तुलनेने कमी झिजते. दारणा-गंगापूरचे नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून लांबचा पल्ला गाठते. सोडलेल्या आकड्याइतकाच नाथसागरात पोचलेला आकडाही दरवेळी जाहीर व्हायला हवा.

मराठवाड्याच्या बाजूचे कामही तितकेच निकडीचे आहे. नाथसागर पसरट, उथळ आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनात फार पाणी जाते. पिण्याचे पाणी राखून उरलेले रब्बीच्या आवर्तनातच वापरलेले बरे. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. अस्तर फुटलेले आणि वितरिकांत गाळ साचलेला असला, की वरच्या भागातच पाणी संपते आणि परभणीकडच्या शेपटाला पाळी येत नाही.