पायथनमध्ये वेळेचे सेकंद: ‘.सेकंड्स’ की ‘.टोटल_सेकंड्स()’?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन डेटटाइमची (तारीख-वेळेच्या नोंदींची) वजाबाकी केली की हाती टाइमडेल्टा, म्हणजे दोन्हींमधला कालावधी, येतो. त्याचे सेकंद काढायला दोन वाटा दिसतात: ‘.सेकंड्स’ आणि ‘.टोटल_सेकंड्स()’. ९:१५ ते ९:४५ या अंतरासाठी पहिली १८०० देते, दुसरी १८००.०. चाचणीला बहुतेक जण असंच सरळ उदाहरण घेतात, म्हणून चुकीची वाट धरली तरी ती महिनोन्‌महिने खपून जाते.

टाइमडेल्टा आत तीनच आकडे साठवतो: दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद. तास-मिनिटं त्यात नसतातच. सेकंदांचा आकडा कायम ० ते ८६,३९९ यांच्यात ठेवला जातो. त्यापुढे गेला की दिवस एकने वाढतो. ‘.सेकंड्स’ फक्त हा मधला आकडा दाखवतो, ‘.टोटल_सेकंड्स()’ तिन्ही मिळून होणारा एकूण कालावधी. २५ तास ३० मिनिटांचा टाइमडेल्टा घ्या: आत १ दिवस आणि ५४०० सेकंद. ‘.सेकंड्स’ म्हणेल ५४००, म्हणजे जेमतेम दीड तास. खरं उत्तर ९१,८००.

उणे अंतरात गोंधळ आणखी वाढतो. ९:४५ मधून ९:५० वजा केले तर उणे ५ मिनिटं यायला हवीत. पण सेकंदांचा आकडा उणे होऊ शकत नाही, म्हणून साठवण होते उणे १ दिवस आणि अधिक ८६,१०० सेकंद. ‘.टोटल_सेकंड्स()’ बरोबर -३००.० देतो. ‘.सेकंड्स’ मात्र ८६,१००, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस.

गंमत अशी की याच गुणामुळे ‘.सेकंड्स’ कधीकधी बरोबर ठरतो. रात्री २२:१५ ला सुरू झालेलं काम सकाळी ६:०५ ला संपलं आणि तारीख नोंदवलेलीच नाही. वजाबाकी येते -५८,२००, पण ‘.सेकंड्स’ २८,२०० सांगतो: ७ तास ५० मिनिटं, अगदी अचूक! तरीही हे उत्तर असं आडवाटेने काढू नये. मध्यरात्र ओलांडली जाणार हे ठाऊक असेल तर एकूण सेकंदांना ८६,४०० ने भागून बाकी घ्या (पायथनमध्ये भाजक धन असेल तर बाकी उणे येत नाही). कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो. सुरुवात आणि शेवट चुकून उलट भरले गेले असतील तर ‘.सेकंड्स’ चूक दडवतो. आधी उणे चिन्ह तपासलं तर ती सापडते.

आता मजकुरातून वेळ वाचण्याबद्दल. ‘२५:३०:००’ हा कालावधी आहे, घड्याळातली वेळ नव्हे. तो स्ट्रिपटाइमला (मजकुरातून तारीख-वेळ वाचणाऱ्या फंक्शनला) दिला तर व्हॅल्यूएरर ही त्रुटी येते, कारण तिथे तास २३ च्या पुढे चालत नाही. अशा वेळी अपूर्णविरामावर तुकडे करा, प्रत्येकाचा पूर्णांक करा आणि तास, मिनिटं, सेकंद अशी नावं देऊन टाइमडेल्टाला द्या. ‘०७:०५’ सारखे दोनच तुकडे आले तर ते तास-मिनिटं की मिनिटं-सेकंद, हे आधी ठरवावंच लागतं. पायथन ते ओळखू शकत नाही.

घड्याळातली वेळ स्ट्रिपटाइमने वाचता येते, पण तारीख दिली नाही तर तो १ जानेवारी १९०० धरतो. त्यावर ‘.टाइमस्टॅम्प()’ लावला तर सहसा १९७० च्या सुरुवातीपासून मागे मोजलेल्या सेकंदांचा भलामोठा उणे आकडा मिळतो. मध्यरात्रीपासूनचे सेकंद हवे असतील तर तास गुणिले ३६००, अधिक मिनिटं गुणिले ६०, अधिक सेकंद, एवढा हिशेब पुरतो. एएम-पीएम असलेल्या मजकुरात तासाचा फॉरमॅट कोड म्हणून मोठा एच (%H) नव्हे, मोठा आय (%I) वापरा. एच वापरला तर पीएम वाचला जातो पण तासावर त्याचा परिणाम होत नाही, आणि दुपारचे २ रात्रीचे २ होतात. चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

‘.टोटल_सेकंड्स()’ दशांश संख्या देतो. पूर्णांक हवा असेल तर टाइमडेल्टाला एका सेकंदाच्या टाइमडेल्टाने दुहेरी तिरप्या रेघेचा (//) भागाकार करा. मात्र हा भागाकार खाली उतरतो: उणे अर्ध्या सेकंदाचं उत्तर -१ येतं, तर पूर्णांक करणाऱ्या ‘इंट’ने तेच ० झालं असतं.