जाड लाकडी कॅबिनेटमध्ये पॉट, जॅक व स्विच बसवणे

ॲम्प्लिफायर, मिक्सर यांची कॅबिनेटं लाकडाची करायची म्हटली की सुतार आणि वायरमन या दोघांना मिळून सोडवावा लागणारा हा भाग. पॉट (नॉबने फिरवून आवाज कमी-जास्त करायचा भाग), जॅक (वायरची पिन खुपसायचे तोंड) आणि स्विच हे मुळात पत्र्याच्या पॅनेलसाठी बनतात. साध्या पॉटचा गळा, म्हणजे दांड्याभोवतीची आटे पाडलेली नळी, सुमारे ६ ते ८ मिमी लांब असते. वॉशर आणि नटाची जागा सोडली की ३-४ मिमीच्या पॅनेलपुरतेच आटे उरतात. फळी मात्र १२ किंवा १८ मिमीची. भोक आरपार पाडले तरी नट लागत नाही.

कोकण किनाऱ्यावर याला हवामानाची भर पडते. डबलबारी भजनं, दशावतार, नमन यांसाठी साऊंडचं सामान टेम्पोतून गावोगाव फिरतं, म्हणून लाकूड जाड हवंच. पावसाळ्याच्या दमट हवेत ते फुगतं, नटाखाली चेपलं जातं. माघ-फाल्गुनात आकसलं की तोच नट ढिला पडतो. मग नॉबबरोबर अख्खा पॉट फिरतो आणि मागची डाखलेली वायर तुटते.

सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे आतून खोबण घेऊन पुढे ३ मिमी लाकूड ठेवणे. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी २ मिमीचे बारीक भोक आरपार पाडावे, मग आतून फॉर्स्टनर बिटने सपाट तळाची खोबण घ्यावी आणि गळ्याचे मोठे भोक शेवटी, पुढून पाडावे. मोठे भोक आधी पाडले तर बिटच्या टोकाला पकड मिळत नाही आणि तो भरकटतो. पॉटचे पाय बाजूला येतात. त्यांच्यासाठी खोबण पटाशीने रुंद करावी लागते. खोबणीतले कोरे लाकूड ओल पितं, त्याला आतूनही वॉर्निश द्यावे. ही पद्धत प्लायवूडमध्ये चालते. सागवान किंवा फणसाच्या अखंड फळीत उरलेले ३ मिमी लाकूड, जॅकची वायर एकदा जोरात ओढली गेली की, तंतूंच्या दिशेने चिरतं.

भरवशाचा उपाय पत्र्याचाच. फळीत चौकोनी खिडकी कापून तिच्यावर २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी आणि सगळे भाग त्या पट्टीवर घ्यावेत. पट्टीची स्क्रूची भोकं लांबट ठेवली की लाकूड हललं तरी ताण येत नाही. लाकूड हम, म्हणजे विजेच्या तारांमुळे स्पीकरमध्ये येणारी घुंई, अडवत नाही. सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली पट्टी निदान पुढच्या बाजूने तो अडवते. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत हाच विचार आहे: पॉट आतल्या लोखंडी चॅसिसवर (सांगाड्यावर) असतो आणि त्याचा लांब दांडा कॅबिनेटच्या मोठ्या भोकातून, लाकडाला न टेकता बाहेर येतो.

स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे वापरावेत. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतंच, शिवाय ऐनासारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर काळे डाग पाडतं.

मेन्सच्या (घरच्या विजेच्या) तीन पिनांच्या सॉकेटबाबत तडजोड नको. दाबून अडकवायचे सॉकेट पातळ पत्र्यासाठी असतात, जाड फळीत त्यांचे खटके अडकत नाहीत. दोन कानांचे, स्क्रूने आवळायचे सॉकेट घ्यावे. त्याच्या स्क्रूंमधले अंतर ४० मिमी असते. ते धातूच्या पट्टीवर बसवलं तर त्या पट्टीला अर्थिंगची वायर वेगळी, स्वतःच्या नट-बोल्टने जोडावी.