डाएट ट्रायल: कुत्र्या-मांजरांच्या जुनाट जुलाबांसाठी

डाएट ट्रायल म्हणजे कुत्र्याला किंवा मांजराला काही आठवडे फक्त एकच ठरवून दिलेलं खाणं द्यायचं, दुसरं काहीही नाही, आणि पोट सुधारतंय का ते बघायचं. जुलाब, उलट्या, वजन उतरणं हे तीन आठवड्यांच्या वर चाललं की डॉक्टर त्याला क्रॉनिक एन्टेरोपॅथी, म्हणजे आतड्याचा जुनाट आजार, म्हणतात, आणि अशा कुत्र्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त कुत्रे नुसतं खाणं बदलून सुधारतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून हल्ली हे औषधाच्या आधी करतात.

आधी काय चालायचं

पूर्वी जुलाब म्हटलं की मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, आणि ठाण्यात काय नवी मुंबईत काय, अजूनही कितीतरी घरात माणसांसाठी आणलेली उरलेली गोळी अर्धी करून कुत्र्याला देतात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. संशोधनातून कळलं ते असं की या औषधाने आतड्यातले चांगले जंतूही मरतात, त्यात पित्तरसावर काम करणारा हिरानोनिस नावाचा एक जंतू आहे, तो कमी झाला की पित्ताचं गणित बिघडतं आणि औषध थांबवल्यावरही काही कुत्र्यांत ते लवकर जागेवर येत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लॅबने हाच आणि आणखी काही जंतू मोजून आतड्याची अवस्था आकड्यात सांगणारी टेस्ट बनवली. कुत्र्याला साधे, एक-दोन दिवसांचे जुलाब असतील तर अँटिबायोटिक नकोच, असं २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

अर्थात ट्रायलच्या आधी शी तपासून घ्यायची, कारण जिआर्डिया किंवा हुकवर्म असे आतड्यातले परजीवी असतील तर खाणं बदलून काय होणार? पावसाळ्यात खारघर-ऐरोलीच्या रस्त्यावरचं डबक्याचं पाणी प्यायलेला कुत्रा असेल तर हे पहिलं. पिल्लू असेल, लस झाली नसेल आणि उलट्यांबरोबर रक्ताचे जुलाब असतील तर तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो, तिथे ट्रायल-बियल नाही, थेट दवाखाना. बाकी रक्तात बी-१२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडाची टेस्ट वगैरे डॉक्टर सांगतील तसं. अवघड केस असली की ठाणेकर आजही परळ गाठतात, तिथे १८८६ पासूनचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज आहे आणि शेजारी बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल.

खाणं कुठलं

दोन रस्ते. एक म्हणजे हायड्रोलाइज्ड फूड, यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा त्यांना ओळखत नाही. महाग आहे. दुसरा म्हणजे त्या जनावराने आधी कधीच न खाल्लेलं प्रथिन. इथे आपल्याकडे गंमत होते, परदेशी सल्ल्यांत बदक, हरीण असं काय काय लिहिलेलं असतं, आणि आपल्या कुत्र्याने जन्मभर चिकन-भातच खाल्लेला असतो, त्यामुळे त्याच्यासाठी साधा मासाही नवीन ठरू शकतो. उलट कोळीवाड्याजवळ मांदेली-बोंबलावर वाढलेल्या मांजराला मासा हा सगळ्यात जुना. दुकानातल्या पाकिटावर एकाच प्राण्याचं नाव असलं तरी आत दुसऱ्याचंही मांस निघतं, हे पाकिटं तपासणाऱ्या अभ्यासांत सापडलंय. घरी शिजवलेलं थोड्या दिवसांच्या ट्रायलला चालतं, कायमचं ठेवायचं तर आहारतज्ज्ञाला विचारूनच, कारण २०१३ मध्ये अमेरिकेत घरगुती खाण्याच्या २०० रेसिपी तपासल्या तेव्हा ९५ टक्के रेसिपींत एखादं तरी गरजेचं पोषक द्रव्य कमी पडत होतं.

ट्रायल मोडते कुठे

सगळी मेख इथे आहे. घरातला एक माणूस नियम पाळतो आणि बाकीचे नाही. आजीने पोळीचा शेवटचा तुकडा खाली टाकला, मुलाने चीजचा क्यूब दिला, लिफ्टजवळ वॉचमन काकांनी ग्लुकोज बिस्किट दिलं, "अहो एकानं काय होतंय", आणि रात्री घोडबंदर रोडवरच्या फेरीत कोणी टाकलेलं कोंबडीचं हाड साहेबांनी गिळलं. गोचीड-जंताच्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाची चव असते, ते तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. शी किती घट्ट याला १ ते ७ गुण देतात, २-३ म्हणजे छान आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, तो आकडा रोज वहीत लिहिला की बिस्किटाचा दिवस बऱ्याचदा आपोआप सापडतो.

दूध-पोळीचं विचारतात लोक. पोळी कुत्र्याला पचते, लांडग्यापेक्षा त्याच्यात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या जास्त प्रती आहेत हे २०१३ मध्ये सिद्ध झालंय, पण ट्रायलमध्ये गव्हाची पोळी नकोच. दुधातली साखर मोठ्या कुत्र्या-मांजरांपैकी बऱ्याच जणांना पचत नाही.

पोटाचा फरक साधारण दोन आठवड्यांत दिसतो, खाण्याच्या ॲलर्जीने येणाऱ्या खाजेसाठी ट्रायल असेल तर आठ आठवडे. नंतर जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं असतं, त्रास परत आला तर खात्री. ही पायरी बहुतेक लोक टाळतात, कुत्रा बरा झालाय तर कशाला उकरायचं म्हणून, आणि ते समजण्यासारखंच आहे. रक्त किंवा लाळ देऊन होणाऱ्या फूड ॲलर्जीच्या टेस्टवर मात्र भरवसा ठेवू नये, निरोगी कुत्र्यांतही त्या पॉझिटिव्ह येतात.

मांजरांचं

तत्त्व तेच, पण मांजर उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नाही. दोन-तीन दिवस खाल्लं नाही, त्यात मांजर जाड असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. म्हणून नवीन खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलायचं. वयस्कर मांजरात थायरॉइड आधी बघतात. आतड्याची जुनी सूज आणि हळू वाढणारा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे खाणं बदलूनही वजन उतरत राहिलं तर आतड्याचा तुकडा काढून बायॉप्सी करावी लागते.