रेस लावणं आणि रेस भरवणं

माझा भाचा ठाण्यात मानपाड्याला राहतो. वय एकोणीस, आणि गाड्या म्हणजे जीव की प्राण. नवी मुंबईच्या रस्त्यांवर स्ट्रीट रेस भरवणार अशी घोषणा २०२५ मध्ये झाली, त्या रात्री त्याचा फोन आला. “मावशी, तुमच्या पाम बीचला पोरं रेस लावतात तेव्हा पोलीस धरतात. आता परवानगी काढून तेच करणार. मग फरक काय राहिला?”

फोनवर दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सोसायटीतल्या दोघा-तिघांनी मला हेच विचारलंय, कारण दोन्हीला आपण ‘स्ट्रीट रेस’च म्हणतो. खरं तर मराठीने हा फरक क्रियापदातच ठेवलाय. पोरं रेस लावतात, पैज लावावी तशी. सर्किटवरची रेस भरवतात, जत्रा भरवावी तशी. लावायला दोघं पुरतात. भरवायला शेकडो माणसं लागतात, आणि त्यातली बहुतेक गाडी चालवत नाहीत.

मी नेरूळला राहते, पाम बीच रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. शनिवारी रात्री दीड-दोनला सानपाड्याच्या बाजूने आधी एक घरघर येते, मग फाटक्या सायलेन्सरचा आवाज खिडकीची काच हलवून सीवूड्सकडे निघून जातो. दुसरा, तिसरा. पाचवा आला नाही की काही झालं तर नाही ना, म्हणून मी अंथरुणात उठून बसते. भरतीची वेळ जमली तर त्याच सुमाराला सारसोळे जेट्टीवर कोळी बांधव जाळी, डबे, बर्फाची पेटी घेऊन रस्ता ओलांडत असतात. रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे खाडी. भरती काही शनिवार-रविवार पाहून येत नाही, त्यामुळे त्यांना तो रस्ता ओलांडावाच लागतो. एकदा पहाटे फिरायला गेले तेव्हा दुभाजकातली कण्हेर मुळासकट आडवी झालेली दिसली. शेजारी बंपरचा निळा तुकडा आणि एक चप्पल. चप्पल कोणाची होती ते मला कळलं नाही, पण ती मी विसरलेले नाही.

माझ्या मते दोन्हीतला खरा फरक इथेच आहे: चूक झाली तर तिची किंमत कोण भरतो. लावलेल्या रेसमध्ये ती रस्ता ओलांडणारा भरतो, ज्याला रेस चालू आहे हेही माहीत नसतं. भरवलेल्या रेसची सगळी मांडणीच अशी असते की चुकीची किंमत चालवणाऱ्यापाशीच थांबावी.

कायद्यातही ही रेषा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं की राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावू देणं किंवा तिच्यात भाग घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाचा म्हणेल, म्हणजे फरक फक्त कागदाचा. पण तो कागद मिळण्याआधी काय काय करावं लागतं, त्यात सगळं आलं.

मोटर रेसिंगला हे शहाणपण फार महाग पडलंय. १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदपर्यंत उघड्या रस्त्यांवरून शर्यत निघाली. वाटेत गावं, माणसं, जनावरं. पहिल्याच टप्प्यात इतके बळी गेले की ती बोर्डोला थांबवावी लागली. मार्सेल रेनो, ज्यांच्या कुटुंबाच्या नावाच्या गाड्या आपल्याकडेही धावतात, ते त्याच शर्यतीत गेले. तरी उघड्या रस्त्यावरच्या शर्यती चालूच राहिल्या. १९५७ च्या मे महिन्यात इटलीत मिल्ले मिल्या शर्यतीत फेरारीचा टायर फुटला, गाडी कडेला उभ्या लोकांत घुसली, आणि चालक व सहचालकाखेरीज नऊ प्रेक्षक गेले. त्यात पाच लहान मुलं होती. शर्यत म्हणून मिल्ले मिल्या त्यानंतर राहिली नाही. या दोन्ही शर्यतींना परवानगी होती, हे मी मुद्दाम सांगते. परवानगी असूनही लोक आणि गाड्या यांच्यामध्ये काही नव्हतं.

आज जे मध्ये असतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना मीटरभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे एकाला एक लावून बसवतात, वर जाड तारेची जाळी, आणि गाडी आपटण्याची शक्यता जास्त तिथे धक्का शोषणारे बॅरिअर. कायमस्वरूपी ट्रॅकवर गाडी घसरली तर बाहेर डांबराची मोकळी पट्टी किंवा खडी असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन, म्हणजे मोटर रेसिंगमधली सर्वांत वरची स्पर्धा, झाली, तिथे चालक चुकला तर बाहेर जाऊन परत येऊ शकायचा. शहराच्या रस्त्यांवर तात्पुरत्या आखलेल्या स्ट्रीट सर्किटवर तशी जागाच नसते. पांढरी रेषा संपली की भिंत.

शिवाय रस्ता रोजच्या वापराचा. त्यावर डिझेलचे डाग, धूळ, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, जो ओला झाला की साबणासारखा घसरतो. आणि मॅनहोलची झाकणं. आपल्याला झाकण म्हटलं की चुकवायचा खड्डा आठवतो, पण रेसिंगची गाडी तळाशी इतकी ओढ निर्माण करते की सैल झाकण जागेवरून उचललं जातं. म्हणून ती वेल्डिंग करून किंवा सिमेंट भरून पक्की करावी लागतात. २०२३ मध्ये लास वेगासला एक राहून गेलं. पहिल्या सरावात आठ-नऊ मिनिटांतच कार्लोस साइन्झच्या फेरारीने पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उडवलं, गाडीचा तळ फाटला, सराव थांबला आणि पुढचा सराव रात्री अडीचला घ्यावा लागला. वर बॅटरी बदलावी लागली म्हणून साइन्झलाच ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत, दहा जागा मागे ढकललं. हे मला आजही पटत नाही. चेन्नईत २०२४ च्या ऑगस्टअखेर आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरच्या ट्रॅकवर भारतातली पहिली रात्रीची स्ट्रीट रेस झाली. तिथे पावसानंतर तपासणी पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत गाड्या उभ्या होत्या. लोक वैतागले, पण त्या दिवशी मला आयोजकांपेक्षा तपासनिसांचं कौतुक जास्त वाटलं.

आता प्रत्यक्ष रेस कशी दिसते ते. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची निराशा इथे होते, कारण लावलेल्या रेसचं चित्र डोक्यात असतं: सरळ रुंद रस्ता, दोन गाड्या, एक पुढे. म्हणूनच तर पोरं पाम बीच निवडतात. सर्किट आखणारे उलट करतात, सरळ रस्ता तोडून तोडून वळणं घालतात. नवा कायमस्वरूपी ट्रॅक बांधताना बारा मीटर रुंदी धरतात. बाकूच्या स्ट्रीट सर्किटवर जुन्या शहराच्या तटाला लागून चढ आहे, तिथे रस्ता फक्त ७.६ मीटर. २०२५ पर्यंतची फॉर्म्युला वनची गाडी दोन मीटर रुंद होती, म्हणजे दोन गाड्या शेजारी आल्या तर उरलेली जागा डोळ्यांसमोर आणा. मोनॅकोच्या हेअरपिनला, म्हणजे केसाच्या पिनेसारख्या उलट्या वळणाला, वेग ताशी पन्नासच्या आसपास येतो. घोडबंदरला रात्री कंटेनरसुद्धा त्याहून जोरात जातो. वेगाच्या आकड्यासाठी येणाऱ्याने हे मनात धरून यावं. इथे कस लागतो ब्रेक कधी मारला आणि भिंतीपासून किती बोटं अंतर ठेवलं यात.

ओव्हरटेक क्वचितच दिसेल. मोनॅकोत १९२९ पासून शर्यत होते, ३.३३७ किलोमीटरचा फेरा, ७८ लॅप. २०२४ मध्ये पहिल्याच लॅपला मोठा अपघात होऊन रेस थांबली, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले होते त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. त्यानंतरच्या वर्षी तिथे दोन पिट स्टॉप, म्हणजे टायर बदलायला थांबणं, सक्तीचे केले, निदान पिटमध्ये तरी काही घडावं म्हणून. याचा अर्थ खरी रेस बरीचशी शनिवारी होते. रविवारी कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या क्वालिफाइंगला प्रत्येक जण मोकळा रस्ता शोधून एकट्याने लॅप मारतो आणि भिंतीला टायर घासत जातो. २०२५ ला लँडो नॉरिसने पोल, म्हणजे सुटण्याची पहिली जागा, घेतला तो एक मिनिट ९.९५४ सेकंदांत. त्या एका लॅपसाठी मी रविवारची सगळी रेस सोडून देईन.

पण पुढे जाता येत नाही म्हणजे काही घडत नाही, असं नाही. १९९२ ला मोनॅकोत शेवटच्या काही लॅपना नायजेल मॅन्सेल नव्या टायरवर आयर्टन सेन्नाच्या मागे लागला. कितीतरी वेगवान गाडी, तरी जागा सापडेना. सेन्ना जिंकला तो पाव सेकंदाहूनही कमी अंतराने. मागचा कुठून घुसेल आणि पुढचा कुठली फट बुजवेल, हे पाहता आलं की रांगेतल्या गाड्या कंटाळवाण्या वाटत नाहीत.

सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी गाडी, मात्र धरूनच चाला. भिंतीवर आपटलेली गाडी बाजूला घ्यायला जागा नसते, ती क्रेनने उचलून बॅरिअरपलीकडे न्यावी लागते, तोवर सगळे सेफ्टी कारमागे. सिंगापूरला २००८ पासून २०२३ पर्यंत एकही रेस सेफ्टी कारशिवाय पार पडली नव्हती. मिळवलेली आघाडी क्षणात शून्य होते, आणि ज्याने नेमक्या वेळी पिट घेतला त्याचं नशीब फळफळतं. १९९६ ला पावसात सुरू झालेल्या मोनॅकोत चौदाव्या जागेवरून सुटलेला ऑलिव्हिए पॅनिस जिंकला. शेवटच्या झेंड्यापर्यंत तीनच गाड्या धावत होत्या.

मी स्वतः पाहिली ती हैदराबादची, ११ फेब्रुवारी २०२३. हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई, २.८३५ किलोमीटर, १८ वळणं. ऊन कडक, आणि विजेच्या गाड्या म्हणून इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळे जे ऐकू आलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं: ब्रेक लागताना टायरची किंचाळी, खड्याचा बॅरिअरवर टणत्कार, समोरच्या मार्शलची, म्हणजे ट्रॅककडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसाची, शिट्टी. पोलवरून सुटलेल्या मिच इव्हान्सवर हेअरपिनला त्याच्याच जॅग्वार टीममधला सॅम बर्ड येऊन आदळला. मागून आलेल्या गाड्या तिथेच अडकल्या, अगदी महापे नाक्यावर संध्याकाळी सहाला अडकतात तशा. दोन्ही जॅग्वार संपल्या. पण मी त्या वेळी गाड्यांकडे पाहतच नव्हते. पिवळे झेंडे किती झटकन वर गेले ते पाहत होते. मागचा प्रत्येक जण त्याच क्षणी सावध झाला. त्या रात्री दीड वाजता पाम बीचवर असा झेंडा कोण दाखवणार, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी झॉं-एरिक व्हेर्न जिंकला. मागच्या निक कॅसिडीकडे जास्त चार्ज शिल्लक होता, तरी व्हेर्नने त्याला अर्ध्या सेकंदाच्या आत अडवून ठेवलं.

भाच्याला मी अजून एक गोष्ट सांगितली, कारण तो सेन्नाचा भक्त. १९८८, मोनॅको. सेन्नाने पोल घेतला तो त्याच टीमच्या प्रॉस्टपेक्षा १.४ सेकंदांनी पुढे राहून, जे तेव्हाही अविश्वसनीय होतं. रेसमध्ये भलीमोठी आघाडी, मागे कोणी नाही. ६७ व्या लॅपला लक्ष विचलित झालं आणि गाडी भिंतीत गेली. तो उतरला आणि चालत मोनॅकोतल्या आपल्या घरी गेला. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “चालत घरी गेला?” हो, चालत. जगातला सर्वांत भारी चालक चुकला, आणि भिंतीपलीकडे उभ्या कोणालाही त्याने काही झालं नाही.

आपल्याकडे रेस होईल तेव्हा आम्ही दोघं जाणार हे ठरलंय. तिकीट शनिवारचंही काढायचं. सरळ रस्त्यावरच्या स्टँडमध्ये बसायचं नाही, तिथे गाडी दिसते न दिसते तोवर गेलेली असते. हेअरपिनसमोर किंवा जिथे जोरात ब्रेक लागतो त्या वळणाजवळ, मोठा पडदा दिसेल अशी जागा बघायची, कारण बाकीचा ट्रॅक तिथूनच कळतो. कानात घालायचे बोळे, टोपी, पाणी. आणि पहिल्या सरावापासून समोरच्या भिंतीवर डोळा ठेवायचा: सकाळी कोरी असते, संध्याकाळपर्यंत तिच्यावर काळे पट्टे उमटतात, आणि कोणाची गाडी तिच्या किती जवळून जातेय ते त्यावरून कळतं.